आहे तसं आणा

आहे तसं आणा म्हणे! अहो, आहे तसं म्हणजे कसं? गंजलेलं? तेलकट, काळंकुट्ट? तुम्हीच सांगा, अशी वस्तू घेऊन कुणी चारचौघांत जातं का? नाही, तुम्ही सांगाच, नाहीतरी नुसतेच बसलाय. तुमचं आत कोण आहे? मुलाचा खांदा? बरं. माझी बायको आहे. गुडघा. एकच! व्हायचे होते दोन, होतोय एक, आणि तो दुसरा कुठं गेला तेच सांगतोय तुम्हाला, सरका जरा, मला या कानानं ऐकू येत नाही.

रिव्हॉल्वर होतं हो. दचकताय काय? गोळी नाही, बार नाही, आतला घोडा कधीच बंद करून टाकलेला, कागदावर शिक्के आहेत, जावयानं सगळं रीतसर करून ठेवलंय. माझ्या सासऱ्यांचं ते. सासरे खजिन्यावर पहारेकरी. बत्तीस वर्षं कमरेला ते लावून दारात उभे, आणि बत्तीस वर्षांत एकदाही उडवलं नाही. चोरच आला नाही! कोण येणार? सासऱ्यांच्या मिशा बघूनच परत जात असतील. नोकरी संपली तेव्हा वरच्या साहेबानं ते त्यांनाच देऊन टाकलं, ते गेल्यावर हिच्याकडं आलं, आणि आमच्या ट्रंकेत तळाला, फडक्यात गुंडाळून पंचवीस वर्षं पडून. मी विसरलो होतो. ही नव्हती विसरली.

मग हिचे गुडघे गेले. एकदम नाही हो, हळूहळू. आधी जिना गेला, मग पाट गेला, मग शेजारीण गेली... म्हणजे शेजारीण जिवंत आहे, हिचं तिच्याकडं जाणं गेलं. डॉक्टर म्हणाला, दोन्ही बदला. आकडा सांगितला. मी म्हटलं, डॉक्टर, बायको नवी नकोय, गुडघेच पाहिजेत! तो हसला नाही. या डॉक्टर लोकांना हसायचं शिकवतच नाहीत.

तेव्हा ही म्हणाली, "बाबांचं आहे ना ते. विका." एवढंच. तोंड भिंतीकडं करून.

जावई लागला कामाला. जावई म्हणजे, तुम्हाला सांगतो, हातात सदा फोन. "बाबा, ही अँटिक वस्तू आहे बाबा, याचे शौकीन असतात बाबा!" चार बाजूंनी फोटो काढले, कुण्या जाणकाराला पाठवले. जुन्या हत्यारांची किंमत सांगणं हाच त्याचा धंदा, स्वतः घेतोही. अर्ध्या तासात त्याचा फोन. जावयानं आकडा लिहून माझ्यासमोर धरला. दोन गुडघे! अगदी नीट दोन गुडघे, वर येण्याजाण्याचं रिक्षाभाडं. ही ऐकून नुसती पदराशी चाळा करत बसली. मला म्हणाली, "मग वरच्या गच्चीत जाता येईल हो मला." आता गच्चीत आहे काय? पाण्याची टाकी! पण तिचा तो चेहरा... असो.

आणि फोन ठेवता ठेवता तो जाणकार म्हणाला, "आहे तसं आणा."

इथं गोची झाली. मी माणूस कोण? बफिंगवाला! चाळीस वर्षं कारखान्यात चाकासमोर उभं राहून मी काय केलं? चमकवलं! नळ चमकवले, कड्या चमकवल्या, मोटारींची बंपरं चमकवली, एकदा तर मालकाच्या कवळीची तार चमकवून दिलीय. माझ्या हातून निघालेल्या वस्तूत तुम्ही दाढी करून घ्या. शाळा चौथी, पण मळका माल दिला की गिऱ्हाईक भाव पाडतं, एवढं मला कुणी शिकवायला नको. मी मनात म्हटलं, अस्सं! आहे तसं आण म्हणतोस? म्हणजे समोर ठेवलं की नाक मुरडणार, "अरेरे, केवढा गंज," आणि एक गुडघा कापणार! अरे, मी काय काल जन्मलो? शेवटी गंज तो गंजच ना!

काढलं माझं जुनं मशीन बाहेर. चार दिवस. पहिल्या दिवशी नुसता रॉकेलचा बोळा. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर, जाडा, मग बारीक, मग झिरो. नळीवर कुठं कुठं निळसर डाग होते, मला वाटलं भाजलंय, काढले. बाजूला बारीक बारीक आकडे, ठिपके, कसलासा शिक्का, त्यात मळ बसलेला, तो निघता निघेना... मग शिक्काच काढला. सपाट! तिसऱ्या दिवशी लाकडी मूठ, ओरखडेच ओरखडे, घासली, वर दोन हात व्हार्निश. चौथ्या दिवशी पॉलिशची वडी लावून बफ. आतून ही ओरडते, "काय घर्रघर्र चाललंय सकाळपासून?" आणि मी काय म्हणावं? मी म्हणालो, "तुझे गुडघे घासतोय!"

हसू नका. मी पण तेव्हा हसलो होतो.

गेलो घेऊन. जावई बरोबर. जाणकार म्हणजे काडीसारखा माणूस, हातात पांढरे मोजे, गळ्यात भिंग, आवाज असा की देवघरात बोलतोय. "या... बसा... दाखवा..." मी फडकं सोडलं. खिडकीतलं ऊन पडलं त्याच्यावर, आणि छताला असा झगमगाट! जावयानं डोळ्यांवर हात घेतला. मला वाटलं, दिपला.

जाणकारानं भिंग लावलं. काढलं. पुन्हा लावलं. नळीवरनं बोट फिरवलं, ज्या बाजूला शिक्का होता तिथं येऊन थांबलं. मग हळूच विचारतो, "याला... कुणी हात लावला?"

मी छाती काढून म्हटलं, "मी! चाळीस वर्षांचा अनुभव!"

तो माणूस खाली बसला हो. उभाच होता, बसला. मोजे काढले. म्हणतो, "आजोबा, तो निळा रंग कारखान्यातला मूळ रंग होता. त्या आकड्यांवरून कळलं असतं हे कुठलं, कधीचं. माणसं त्या खुणांचे पैसे देतात. लोखंडाचे नाही." मी म्हटलं, "अहो, पण गंज होता!" तो म्हणतो, "गंज नव्हे, वय होतं ते." वय? अहो, माझं वय अठ्ठ्याहत्तर, मला कुणी देतंय का त्याचे पैसे? गंज तो गंजच ना!

शेवटी त्यानं एक नवाच आकडा लिहिला. जावयानं वाचला आणि माझ्याकडं बघितलंच नाही. मी विचारलं, हा कशाचा हिशोब? तर म्हणतो, "आतले भाग तसेच आहेत. ते तुम्हाला उघडता आले नाहीत ना? जिथं तुमचा हात पोचला नाही, तेवढ्याचे पैसे देतो."

एक गुडघा. चाळीस वर्षांचा अनुभव, चार दिवसांची मेहनत, आणि मी एक गुडघा घासून टाकला.

लगेच नाही दिलं. म्हटलं, घरी विचारून येतो. वाटेत जावयाला म्हणालो, बोल की काहीतरी, शिव्या दे. तो म्हणतो, "चहा घेता का बाबा?" शिव्यांपेक्षा वाईट ते.

घरी हिला सांगितलं. मला वाटलं, आता उसळणार. नाही. म्हणाली, "दाखवा." मांडीवर घेतलं, चष्मा लावला, आणि मुठीवर अंगठा फिरवत बसली. एकाच जागी. परत परत. मी म्हटलं, काय शोधतेस? तर म्हणते, "इथं फूल होतं. मी लहान असताना खिळ्यानं काढलं होतं. बाबांनी आयुष्यात एकदाच मारलं मला, ते यावरून. मग पॉलिशवाल्यानं मूठ घासायला मागितली तर दिली नाही त्यांनी. राहू दे म्हणाले, माझ्या पोरीचं आहे."

तुम्हाला सांगतो... मी ओरखडे म्हणालो होतो ना? त्यातलंच ते. गंज तो गंजच, पण हे... हे काय होतं, मला ठाऊक नाही. मी आपला उठलो आणि मशीन पुसत बसलो. पुसायची सुद्धा भीती वाटली, तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ही म्हणाली, "देऊन टाका. आता त्यात बाबा नाहीत, तुम्हीच आहात नुसते." मग डॉक्टर विचारतो, दोन्हीतला कुठला करू? ही म्हणते, "डावा करा. उजवा मी यांना करून घेते." डॉक्टरला कळलं नाही. मला कळलं. महिनाभर झाला, जिना आला, उंबरठा आला, न्हाणी आली, की हाक येते, "अहो उजवे! या इकडं!" मी जातो. ती माझ्या खांद्यावर हात टाकते, पूर्ण वजन, जरा जास्तच टाकते असा माझा संशय आहे, आणि आम्ही दोघं मिळून एक पायरी चढतो. गच्ची चोवीस पायऱ्यांवर आहे. मी मोजल्यात.

...काय म्हणाली ती नर्स? "डाव्या गुडघ्याचे नातेवाईक कोण?" मी, मी बाई! कशी आहे ती? शुद्धीत आली? काय विचारते? ...ऐकलंत? डोळे उघडल्या उघडल्या विचारते, "उजवे कुठं आहेत?"

आलो गं, आलो! जरा हात द्या हो मला उठायला... हं... ऐकलात आवाज? कडकड? माझेच वाजले. गंजलेत, दुसरं काय. पण हात लावायचा नाही कुणी. आता ही वस्तू आहे तशीच न्यायची!