आमचं खानदानी जाड काळीज

...आणि वर घरचे मलाच म्हणतात, "दामाजी, तू उगाच आवाज चढवू नको!" अहो, का नको? तुम्हाला सांगतो, मला काही झालेलंच नव्हतं! चक्कर आली सगुणाला. माझी धाकटी बहीण. ठाण्याच्या मार्केटात सुरमई कापता कापता बाई पाटीवरच आडवी! शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय? "गिऱ्हाईक गेलं का?" मी फक्त तिला डॉक्टरकडे घेऊन गेलेलो. एवढाच माझा गुन्हा!

त्र्याण्णव साल ते. वर्तकनगरला हृदयाच्या डॉक्टर होत्या, नंदा मॅडम. त्यांनी सगुणाच्या छातीवर ते गार गार जेली लावून यंत्र फिरवलं, पडद्यावर बघितलं, इको म्हणतात त्याला, आणि मला आत बोलावलं. "हृदयाचा स्नायू जाड झालाय. हा आजार घराण्यातून येतो. तुमच्यात कोणी तरुणपणी अचानक गेलंय?"

मी म्हटलं, "छे! आमच्यात सगळे ठणठणीत! बापूस एकेचाळिसाव्या वर्षी होडी ओढताना गेला, पण तो ऊन लागून. आणि धाकूकाका एकोणतिसाव्या वर्षी हळदीत नाचता नाचता गेला, पण ते..."

पण ते काय?  आमच्या घरात त्याचं कारण ठरलेलं होतं, चंद्रभागाकाकी! काकाची बायको, लग्नाला दोन वर्षं झालेली. आमची आवडाआत्या भर मांडवात ओरडलेली, "पांढऱ्या पायाची! माझ्या भावाला खाल्लंन्!" काकी जी माहेरी, दिवा गावाला गेली, ती गेली. वीस वर्षं तिच्याशी कोणी बोललं नाही. मीपण नाही.

मॅडमनी कागद घेतला. पुरुष चौकोन, बाई गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. बापूस, रेघ. काका, रेघ. सगुणाचा गोल आतून काळा. काकीचा गोल आपला बाजूला, कोराच्या कोरा. मी विचारलं, "हिचा काय संबंध?"

"काहीच नाही. त्या लग्न करून आल्या. आजार तुमच्याकडचा."

काहीच नाही! वीस वर्षं, आणि काहीच नाही!

"पण तुमच्या काकांना आधी त्रास होता का, ते काकींनाच विचारा. आणि घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा."

सगळ्यांना! आमच्या कोपरीतल्या घरात सगळे म्हणजे किती, माहितीये? आणि आणायचे कोणी? मी! ज्याला काही झालेलंच नव्हतं, त्याने! माझा भाऊ मधु मॅडमसमोर बोटं मोजत बसला. "आईबापातल्या एकाला असेल तर पोराला येण्याची शक्यता अर्धी, असं म्हणालात ना? मला असला, तरी पोरं चार. म्हणजे दोन सुटली. कुठली दोन तेवढं सांगा, बाकीची आणतो." मॅडम म्हणाल्या, "अहो, प्रत्येकाचं वेगळं असतं!" त्यांनी रुपया काढून चारदा उडवला. चारही वेळा छापा! मधुचा चेहरा असा पडला, की त्याने चारही पोरं आणली आणि वर स्वतःच्या सासूलाही आणलं. तिचं काय काम होतं, विचारू नका. रक्त तपासून आत्ताच सांगता येत नाही का, म्हटलं, तर तशी सोय अजून इथे नाही म्हणे. पोरांचा इको मोठी होईस्तोवर पुन्हा पुन्हा काढायचा.

आवडाआत्या तर दारालाच धरून बसलेली. "माझं काळीज जाड? अरे, मेणासारखं मऊ काळीज माझं!" अख्खी आळी हसली! काढला इको, तर म्हातारी एकदम ओके.

शेवटी राहिलो मी. मला काही झालेलंच नव्हतं, कबड्डीचा कॅप्टन मी, कोपरीत कोणालाही विचारा! मॅडमच्या समाधानासाठी आडवा झालो. यंत्र फिरलं... थांबलं... पुन्हा फिरलं. मॅडमनी यंत्र बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "दामाजी, कबड्डी बंद. पळणं बंद. वजन उचलणं बंद. गोळ्या सुरू."

मी एकोणचाळीसचा. बापूस एकेचाळीसचा. एवढा हिशेब माझ्यासारख्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्यालाही येतो हो. घरी नऊ वर्षांची पोरगी, शालन. तिचा इको चालू असताना मी बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा होतो. स्वच्छ निघाला. सध्या तरी.

आत्याने माझा निकाल ऐकला आणि पदर खोचला. मग म्हणाली, "दिव्याला कधी जायचं?"

आत्या आणि मी गेलो, तर काकी नळावर, हंड्यांच्या रांगेत. मला बघून म्हणाली, "का रं आयलास? कोण मेलं?" मी सगळं सांगितलं. काकाला चक्कर यायची का, विचारलं. "यायची ना! जिना चढला का धाप लागायची. मी वन्संना बोललेली, डागतरला दाखवा. त्या बोलल्या, नवऱ्याला नीट जेवायला घाल!"

आत्या शेजारीच उभी.

"मंग वन्सं, माजं पाय पांढरं नव्हतं?"

"नव्हतं," आत्या म्हणाली. "आमचंच रगत तसलं."

काकी हसायला लागली. एवढी हसली, की रांगेतल्या बाया भांडण सोडून बघायला लागल्या. मग हंडा उपडा घालून त्यावर बसली आणि रडली. आत्याने काय करावं? माफीबिफी काही नाही. काकीचा दुसरा हंडा घेतला, रांगेत उभी राहिली, भरला आणि डोक्यावर घेतला. साठीची बाई! मी पुढे झालो, तर दोघी एकदम ओरडल्या, "तू वजन उचलू नको!"

आता मॅडम रविवारी या आजाराच्या घरांतल्या लोकांना एकत्र बसवतात. काकीचा रक्ताचा संबंध नाही, पण पहिली खुर्ची तिची. कोणाची सासू सुनेबद्दल कुजबुजली, की ही मोठ्याने म्हणते, "आधी इको काढ, बाय!" आणि सभा संपली की मला धरते. वीस वर्षांचं बोलायचं राहिलंय ना! कोणी काय म्हटलं, कोणी पाणी विचारलं नाही, मी रस्त्यात बघून कसं तोंड फिरवलेलं, सगळं, तारीखवार! नाही कसं म्हणू? आणि गुपचूप पळून जावं, तर पळायला डॉक्टरांनी बंदी केलीये.