पहिली सही

हॅलो?… हॅलो?… कोण?… अगं मोठ्याने बोल, इथं पायाखाली इंजिन घरघरतंय… हां, धाकटे, तू होय! बोल.

नाही, झोपले नव्हते. दुपारी झोपायला मी काय मांजर आहे?

किल्ली?… कपाटाची का फडताळाची?… फडताळाची ना, मग पिठाच्या डब्यामागे खिळा आहे बघ… तो नव्हे, त्याच्या खालचा… सापडली? मग झालं तर. कुंड्यांना पाणी घाल, जाताना नळ घट्ट पिळ, आणि ठेव फोन. बंदरात आहोत म्हणून लागतोय, नाहीतर चार दिवस या डबड्याला आवाज नव्हता.

…मग कशाला केलास?

सुनेचा निरोप? तुला?… काय लिहिलंय तिनं, वाच… "सासूबाईंनी असं का केलं, तुम्हीच विचारा." वा! समोर बसून विचारायला जीभ नाही, आणि समुद्रापलीकडे निरोप धाडायला बोटं शिवशिवतात. दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये, तेवढीच काय ती कानाला विश्रांती.

काही झालेलं नाही. एक कागद होता, सही केली. संपलं.

कसला म्हणजे? कागदासारखा कागद.

अगं सांगते ना, ऐक तरी! तुला सुरुवात नको, मधलं नको, थेट शेपूट हवं.

हे जहाज म्हणजे काय आहे, तुला कल्पना नाही. नऊ मजले. लिफ्ट आहे, नाटकगृह आहे, पोहायचा तलाव. समुद्राच्या मधोमध पोहायला तलाव बांधलाय, आता बोल! आणि जिकडेतिकडे पोरं. शाळांना सुट्ट्या लागल्या, आईबापांनी पोरं उचलली नि जहाजात ओतली. आणि उरलेली आमच्यासारखी. गुडघे धरून चालणारी. आम्ही शांतता विकत घेऊन आलोय, ती मजा विकत घेऊन आलीत, आणि दोघांना जागा एकच.

लिफ्टचं ऐक. पोरं आत शिरतात, नऊच्या नऊ बटणं दाबतात आणि पळतात. मग आम्ही काठ्या धरून प्रत्येक मजल्यावर दार उघडताना बघायचं, मिटताना बघायचं. जेवायला जाईपर्यंत भूक मरते. बोळातून शर्यती लावतात. आईस्क्रीमच्या यंत्राखाली थेट तोंड धरतात, वाटी नको, चमचा नको… आपली नातवंडं? ती नाही हं तसलं करत. आपला बारका फक्त बटणं दाबतो.

हस, हस. पाच वर्षांचा आहे तो.

आणि टोपाची गोष्ट तुला कळलीच नसेल! वरच्या मजल्यावर गरम पाण्याचं कुंड आहे. निवृत्त न्यायाधीश आहेत एक, पहाडासारखा माणूस, रोज तिथं गळ्यापर्यंत बसायचे. परवा सहा पोरांनी एकदम उड्या मारल्या. लाट उसळली, आणि ती खाली बसते न बसते तोच न्यायाधीशांचे केस त्यांच्यापासून वेगळे होऊन तरंगत निघाले… हो! टोप! जहाजावर आल्यापासून कुणाला पत्ता नव्हता. आपल्या बारक्यानं काढला पाण्यातून, पिळला, आणि दोन्ही हातांनी त्यांना परत दिला. "आजोबा, हे तुमचं."

मी? मी हसले. सगळेच हसले. लपवायचंच काय होतं त्यात, म्हणते मी. टक्कल म्हणजे चोरी आहे का?

…तू गप बस. कशाला कशाशी जोडतेस!

दुसऱ्या दिवशी, ऐक, नाश्त्याला आले ते. बिनटोपाचे. टक्कल असं, दिव्याखाली पितळेचं पातेलं ठेवावं तसं. ताठ बसले, दोन अंडी मागवली आणि सावकाश खाल्ली. कुणाची हसायची छाती झाली नाही. तिसऱ्या घासाला तर कुणी बघतही नव्हतं.

हो, कागदाचंच सांगतेय. तिकडेच येतेय.

आमचं एक टोळकं जमलंय. रोज चारला, वरच्या सज्ज्यातल्या खुर्च्यांवर. त्यात एक हेडबाई आहेत, शाळेतून सुटल्या पण शाळा काही त्यांच्यातून सुटली नाही. बोलताना बोट वर. परवा चहा गार आला. रोजच गार येतो, त्या दिवशी पार बर्फ. मी म्हटलं, याची तक्रार झाली पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग पोरांचा विषय निघाला, टोपाचा निघाला. मीही बोलले चार शब्द, खोटं कशाला सांगू. म्हटलं, हल्लीच्या आयांना पोरं जन्माला घालता येतात, सांभाळता येत नाहीत.

हो, म्हटलं. आणि आजही म्हणते. दुसऱ्यांच्या आयांना.

अर्ध्या तासानं हेडबाई कागद घेऊन आल्या. टंकलेला, बारीक अक्षर, मुंग्यांची रांग. म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांत वडील. पहिली सही तुमची." आता मला सांग, पंधरा माणसं बघतायत, बाई वाकून दोन्ही हातांनी पेन देतेय, पहिली सही तुमची म्हणतेय… मी केली.

चहाचा, मला वाटलं. गार चहाचा अर्ज.

विचारायचं कुणाला? "बाई, यात काय लिहिलंय हो" असं विचारू? पंधरा जणांसमोर? आजवर नाही विचारलं कुणाला, ते काय आता समुद्रात येऊन विचारू?

चष्मा होता ना! डोळ्यावर होता. चांगला सोनेरी काड्यांचा. म्हणून तर "चष्मा खोलीत राहिला" असंही म्हणता येईना. मग काय करते माणूस? वरून खालपर्यंत नजर फिरवायची. मधे एकदा थांबायचं. "हं" म्हणायचं. आणि सही ठोकायची. माझी सही झोकदार आहे, तुला ठाऊक आहे.

हो गं, तूच शिकवलीस. चुलीसमोर, कोळशानं. तेवढंच शिकवलंस. पुढचं शिकवायच्या आत तुझं लग्न झालं.

नाही, दोष देत नाहीये. तुझं दप्तर मी फाटकापर्यंत न्यायचे, फाटकाच्या आत तू, बाहेर मी. आई अंथरुणाला खिळलेली, घरात कुणीतरी हवंच होतं. जाऊ दे. कोळसा उगाळावा तेवढा काळाच.

काय होतं त्यात?… काय असणार. बारा वर्षांखालच्या पोरांना वरच्या मजल्यावर मज्जाव. मोठ्यांच्या जेवणघरात मज्जाव. आणि मोठं सभागृह पोरांच्या कार्यक्रमाला देऊ नये. तो आजचाच कार्यक्रम, सहा वाजता.

हो. आपल्या नातीचा, ठकीचाच.

बाकीची चौदा पोरं गाणार, नाचणार. ठकीला निवेदन दिलंय. आठ वर्षांची पोर, पण वाचते बघ कशी! अडखळणं नाही. चार दिवस आरशासमोर उभी राहून घोकत होती. "प्रिय प्रवासी आजीआजोबांनो." हेच पहिलं वाक्य. आता कार्यक्रम कुठे, तर सगळ्यांत खाली, पोरांच्या खोलीत, इंजिनाशेजारी. ऐकायला कोण? इंजिन.

तिला कसं कळलं?… तेच तर.

जेवणघराबाहेर फळा आहे. आज काय जेवण, कुठं कसला खेळ, सगळं त्यावर लावतात. रोज सकाळी ठकी मला तिथं उभं राहून वाचून दाखवते. मी म्हणते, "वाच बघू, तुझं वाचन सुधारेल." काल सकाळी त्यावर हा अर्ज. सह्यांसकट चिकटवलेला, सोबत जहाजाच्या साहेबाचा हुकूम. पोरीनं सुरुवात केली, खणखणीत. दुसऱ्या कलमाला आवाज उतरला. तिसऱ्याला थांबली. मी म्हणतेय, "वाच की पुढं, आमटी आहे का सूप?" तिनं खालच्या सहीवर बोट ठेवलं. म्हणाली, "आजी, ही तुझी आहे."

म्हटलं, असेल.

मग म्हणाली, "तू वाचून केलीस?"

म्हटलं, हो. वाचूनच केली.

ओरडू नकोस! कानात किती ओरडशील! मागं माणसं उभी होती, धाकटे. हेडबाईही होत्या. निघून गेलं तोंडातून. साठ वर्षं एकच उत्तर पाठ आहे, दुसरं आलंच नाही.

मग काही नाही. बोट काढलं तिनं. "बरं," म्हणाली. रडली असती तर समजूत घातली असती गं. बरं म्हणाली. तेव्हापासून मला काही वाचून दाखवत नाही. काल जेवायला बसलो, समोर पदार्थांचं कार्ड, पोर आपली खिडकीतून बाहेर बघतेय. मी आपलं बोट ठेवलं कुठंतरी. उकडलेली कोबी आली. खाल्ली. वर म्हटलं, हीच हवी होती.

हसतेस काय, मेली!

आता? आता शहर बघायला गेलीत सगळी. मी गेले नाही, ठकीही गेली नाही. ती खाली, पोरांच्या खोलीत. मी इथं. मधे पाच मजले.

नाही, करायचं काय ते विचारून आलेय. पांढऱ्या कपड्यातल्या साहेबाकडे गेले होते. सज्जन आहे. म्हणाला, "आजी, पहिली सही तुमची, म्हणजे अर्जदार तुम्ही. तुम्ही मागं घेतलात तर अर्जच उरत नाही. पण लेखी द्या. पाच वाजेपर्यंत. मी फळ्यावर लावतो, सभागृह उघडतो." लेखी म्हणे! सोन्याचा दागिना मागितला असता तर काढून दिला असता.

आत्ता?… सव्वाचार.

मुलाला सांगू? तो येणार पावणेपाचनंतर, आणि त्याच्या मागून त्याची बायको येणार. आणि त्यालाही कुठं माहीत आहे? शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मी सह्या करत मोठा केलाय त्याला. "गणितात कमी पडलास" म्हणायचे, अंदाजानं. दर वेळी बरोबर निघायचं.

तू सांगशील, मी उतरवून घेईन?… काय घेईन उतरवून, कप्पाळ! कोळशानं शिकवलेली चार अक्षरं माझी, त्यात अर्ज बसतो होय?

हेडबाईंना? त्यापेक्षा उडी मारीन.

…काय म्हणालीस? परत बोल.

त्यांचा टोप आणि माझा चष्मा एक कसा होईल!… त्यांना बिचाऱ्यांना… काय, काय लपवायचं होतं त्यात म्हणून मी हसले, हो. म्हटलं ना मघाशी. तुझी मेली आठवण म्हणजे सावकाराची.

…

आणि तुला एक सांगितलं नाही मी. त्या अर्जावर न्यायाधीशांची सही नाहीये. खरी तक्रार असली तर त्यांचीच होती की. पेन पुढं केलं तर म्हणाले, "पोरानं माझं मला परत दिलं. तक्रार कसली?" आणि मी, सख्खी आजी, पहिली.

थांब. दार वाजतंय… ठकी आहे… नाही, ठेवू नकोस. राहा तिथं. पण मधे तोंड घालू नकोस.

ये. आत ये… स्वेटर न्यायला आलीस? नेशील. आधी बस… तिथं नव्हे, माझ्या पलंगावर. तो टॉवेलचा हत्ती सरकव. रोज हत्ती करून ठेवतात, रोज सोडवावा लागतो अंग पुसायला… नसेल बोलायचं तर नको बोलूस. मला तुझं बोलणं नकोच आहे, लिहिणं हवंय. ते जहाजाचं चित्र असलेले कागद घे. पेन तुझ्याकडे असेलच… मी सांगते, तू लिही.

लिही. "साहेबास. पोरांविरुद्धच्या अर्जावर पहिली सही माझी आहे. ती मी मागं घेते."… घेते… झालं? पुढं लिही. "कारण तो अर्ज मी वाचला नव्हता."

थांबलीस का? लिही.

…हो, म्हटलं होतं. फळ्यासमोर म्हटलं होतं वाचला म्हणून. ते खोटं होतं.

नाही, चष्मा विसरले नव्हते. चष्मा डोळ्यावरच होता, ठके. आत्ताही आहे, बघ. त्याने दूरचं दिसतं, जवळचं दिसतं, पण अक्षरं काही बोलत नाहीत माझ्याशी… सगळी नाहीत. माझ्या नावापुरती बोलतात.

रोज? हो, म्हणूनच रोज तुला वाचायला लावत होते… नाही, तुझं वाचन सुधारायला नव्हे. तुझं चांगलंच आहे.

लिही आता तसंच. "मला वाचता येत नाही."… हो, फळ्यावर लागणार. जेवणघराबाहेरच लागणार… हसतील की. दोन घास हसतील, तिसऱ्याला आपापल्या ताटात बघतील… तुला काय करायचंय, लिही. आणि वर जोड, "चहा गार येतो." ते मी खरंच सांगितलं होतं.

झालं? दे… नको. थांब. पेन ठेव खाली. आधी वाचून दाखव. पहिल्यापासून, सभागृहात वाचशील तसं. सगळं ऐकल्याशिवाय मी सही करायची नाही.

हॅलो… धाकटे? आहेस ना?… नाक ओढू नकोस फोनमधे. कुंड्यांना पाणी घाल… नंतर सांगेन गं, आता नाही. ठेवते.

अगं ठेवते म्हटलं ना! इथं मला वाचून दाखवतायत.