पाय वर घेऊन गोल्फ

अगं, आमच्या ह्यांना गोल्फचं वेड लागलं तेव्हाची गंमत ऐक. रविवारी लोणावळ्यात साहेबांबरोबर खेळायचं होतं आणि ह्यांचं एकच पालुपद, "ताकद सगळी दंडात असते!" मी फिजिक्स शिकवते, गप्प बसणार होय? म्हटलं, "पायांनी जमीन दाबता, ती उलट ढकलते, म्हणून फटक्यात जोर येतो. पटत नसेल तर त्या फिरत्या खुर्चीत बसा, पाय वर घ्या आणि मारून दाखवा." ह्यांनी दणकून स्टिक फिरवली. खुर्ची गर्रकन उलट्या दिशेला वळली, चेंडू जागचा हलला नाही आणि ह्यांचं तोंड थेट दाराकडे. दारात बेडसे गावाहून आलेले माझे सासरे उभे. म्हणाले, "आरं, चेंडू हितंच हाय, तू कुटं निघालास?"