टेबलावर ठेवायची वस्तू

(टाउन्सव्हिल. दवाखान्यासमोर आंब्याच्या सावलीत उभी केलेली गाडी. आत दोन माजी सैनिक : म्हातारा क्लॅरी आणि त्याच्याहून बराच तरुण क्रेग. सकाळचे आठ.)

क्लॅरी : ...म्हणजे आठ तास डोळ्यांवर पट्टी, कानात बासरी, आणि दोन पदवीधर बाया तुझ्याकडे बघत बसणार. आम्ही व्हिएतनामच्या लढाईहून आलो तेव्हा एक बिअर मिळाली होती. तीही कोमट.

क्रेग : आणि बघ की, किती ठणठणीत झालास! पन्नास वर्षं दिवा चालू ठेवून झोपतोस.

क्लॅरी : दिवा झुरळांसाठी असतो. आणि तुला देतात ती गोळी तीच ना रे, जी माझ्या नातीच्या खिशात सापडली तर पोलिसांच्या कुत्र्याला बिस्कीट मिळतं?

क्रेग : तीच, नशेची. एमडीएमए. नातीला निदान नाचायला तरी मिळतं. मला डॉक्टर रक्तदाब मोजून गोळी देतात आणि म्हणतात, आता पडून राहा.

क्लॅरी : आणि त्यानं ते लढाईनंतर डोक्यात बसलेलं पीटीएसडी जातं म्हणे.

क्रेग : दोन डोस झाले. अजून घरामागच्या शेडमध्ये एकटाच झोपतोय. बाबाला पाठीमागून हाक मारायची नाही, हे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झालंय. आजचा तिसरा. शेवटचा.

क्लॅरी : मग दोन वेळा आत जाऊन केलंस काय?

क्रेग : विनोद. टेबलावर ठेवायला जिवाभावाची एखादी वस्तू आणा म्हणाल्या. पहिल्यांदा बिअर गार राहावी म्हणून बाटलीला घालतात ते रबरी जाकीट नेलं. दुसऱ्यांदा तू आपल्या सैनिकांच्या क्लबातल्या मटण-कोंबडीच्या सोडतीत जिंकलेली गोठलेली कोंबडी.

क्लॅरी : कल्पना माझी होती हं! क्लब अजून हसतोय.

क्रेग : त्या दोघी नाही हसल्या. कोंबडीखाली बशी ठेवली आणि विचारलं, ‘ही तुम्हाला काय सांगतेय?’

क्लॅरी : काय सांगत होती?

क्रेग : ‘मला फ्रीजमध्ये ठेवा.’

क्लॅरी : आज काय आणलंयस? दाखव. ...हे? रेशनचे डबे उघडायचा ओपनर? अरे, एका टोकाला पातं, एका टोकाला चमचा, आणि दोन्ही बिनकामाचे. हे सैन्यानं शत्रूला वाटायला हवे होते.

क्रेग : माझा नाही तो. बॉइडचा.

क्लॅरी : बॉइड म्हणजे... अफगाणिस्तानात सुरुंगावर पाय पडला तो?

क्रेग : तोच. त्याला पीचचा डबा उघडायचा होता. भिंतीपलीकडून ओरडला, ‘माझा ओपनर दे.’ तीस पावलं असतील. फेकता आला असता. मी म्हटलं, ‘पाय आहेत ना? ये आणि घेऊन जा.’ सगळे हसले. तोही हसतच निघाला.

क्लॅरी : चौदा वर्षं क्लबात माझ्या शेजारी बसतोस तू. एकदाही—

क्रेग : सांगितलं असतं तर काहीतरी गमतीचं बोलला असतास.

क्लॅरी : असतो.

क्रेग : मग बोल ना आता. एक फर्मास जोक मार, गाडी वळव, क्लबात जाऊ. मला नाही जायचं आत.

क्लॅरी : सुचत नाहीये.

क्रेग : तुला?

क्लॅरी : उतर, पोरा. ती बघ, नर्स आलीच दारात.

मरीटा : या क्रेग. नाश्ता हलकाच केलाय ना? आज बशी काढून ठेवू का?

क्रेग : नको, सिस्टर. हे वितळत नाही.

मरीटा : बरं. क्लॅरी, तुम्ही साडेचारला न्यायला या यांना.

क्लॅरी : मी इथेच बसतो.

मरीटा : आठ तास? आज तर तुमच्या क्लबात सोडत असते ना?

क्लॅरी : झाल्या तेवढ्या कोंबड्या पुरे. सिस्टर, ती आतली बासरी... माझ्यासाठी इथे बाहेर लावता येईल का? अगदी हळू.