स्विचचं कुलूप

पंख्याचा कपॅसिटर घ्यायला मी सुट्या भागांच्या दुकानात रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एसी दुरुस्त करणारे बहीणभाऊ होते. भावाच्या उजव्या हाताला पट्टी होती.

“ताई, मेन स्विचला कुलूप लावलं तर गिऱ्हाईक हसेल आपल्याला.”

“हसू दे. परवा तू गच्चीवर मशीन उघडून बसला होतास आणि खाली आजीबाईंनी स्विच चालू केला, तेव्हा कोणी हसलं नाही.”

“त्यांना वाटलं, चुकून बंद राहिलाय. चांगल्या मनाने केलं गं त्यांनी.”

“चांगल्या मनाने तुला पोचवलंच होतं वर.”

“मी पाटी लावली होती ना, काम चालू आहे म्हणून.”

“त्यांना चष्म्याशिवाय नातू ओळखू येत नाही, तुझी पाटी काय वाचणार?”

“सकाळपासून फोन करतायत. उकडतंय त्यांना.”

“आता तिकडेच जायचंय. स्विच बंद करायचा, कुलूप घालायचं, टेस्टर लावून बघायचं आणि मगच मशीनला हात.”

“आणि कुलूप नको म्हणाले तर?”

“तर दुसरा मेकॅनिक बघतील. मला या वयात आई दुसरा भाऊ देणार नाही.”

दुकानदाराने कुलूप काउंटरवर ठेवलं.

“सोबत दोन किल्ल्या आहेत.”

“एक याच्या खिशात. वर काम करणाऱ्याकडेच राहणार.”

“आणि दुसरी तुमच्याकडे, ताई?”

“नको. मीही कधी घाईत असते. जरा पक्कड द्या, ही इथेच मोडून टाकते.”