खाटीक आणि एकवीस दिवसांचा दुधी

नाही, पण ‘फक्त एकवीस दिवस’ असं म्हणायला डॉक्टरांचं काय जातं हो? खुर्चीत बसायचं, चष्मा पुसायचा आणि म्हणायचं, ‘फक्त एकवीस दिवस!’ तेही कुणाला? तर खाटकाला! काय करायचं एकवीस दिवस? तर शाकाहार! तुम्हाला सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे, शपथ घेतो, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. डोळ्यांदेखत म्हणजे... डॉक्टरांच्या खोलीत मी नव्हतो, बाहेर बाकावर होतो. बाकावर म्हणजे दाराला कान लावून. कान लावून म्हणजे, दार उघडंच होतं... असू द्या! खरं ते खरं. कुठे थोडं इकडंतिकडं झालं असेल तर शेवटी सांगून टाकेन, माझ्या पोटात काही राहत नाही.

तर हा खाटीक म्हणजे आमचा थोरला मेहुणा. हिचा सख्खा मोठा भाऊ. गल्लीत त्याला सगळे पैलवान म्हणतात. कुस्ती आयुष्यात खेळला नाही, पण अंगानं असा की दुकानाच्या दारात उभा राहिला तर आत दिवा लावावा लागतो. दुकान आजोबांचं, मग वडिलांचं, आता ह्याचं. आणि एके सकाळी ह्या एवढ्या देहाचा उजव्या पायाचा अंगठा सुजला. नुसता अंगठा! पण दुखणं असं की त्याला चादर लागली तरी ओरडायचा. बकऱ्याची अख्खी मांडी खांद्यावर टाकून जिना उतरणारा माणूस, आणि चादर लागली म्हणून ‘आई गं!’

डॉक्टर म्हणाले, “पैलवान, रक्तात युरिक ॲसिड वाढलंय. मांस बंद.”

“बंद म्हणजे... कमी?”

“बंद म्हणजे बंद.”

“आणि कलेजी?”

“कलेजी तर सगळ्यात आधी बंद.”

“बरं, मांस नको. नुसता रस्सा?”

“अहो, रस्सा काय नळाला येतो का? आणि एवढं तोंड काय पाडताय? फक्त एकवीस दिवस!”

घरी आला तर वहिनींनी आधीच दुधी चिरायला घेतला होता. वहिनी म्हणजे एक घाव दोन तुकडे, दुकानात सुरा ह्याच्या हातात असला तरी धार वहिनींच्या जिभेला! म्हणाल्या, “हे बघा, तुमच्यासोबत आम्ही सगळेच सोडतोय. घरात शिजलं तर तुम्ही नाकानं जेवाल, मी ओळखते तुम्हाला.” आणि मांसाचं मोठं पातेलं त्यांनी धुऊन, पुसून, माळ्यावर पालथं घातलं. पैलवान त्या पातेल्याकडे असा बघत होता, जसं कुणी परगावी चाललंय.

पहिल्या दिवशी दुधी. दुसऱ्या दिवशी कोबी. तिसऱ्या दिवशी पुन्हा दुधी, कारण पहिला उरला होता. उरणारच! कोण खातंय? तुम्हाला सांगतो, दुधीवर माझा वैयक्तिक राग नाही. पण दुधीला स्वतःचं काही मत आहे का? मीठ घाला, खारट. साखर घाला, गोड. काही घालू नका, तर आपण पाणी पितोय की जेवतोय हेच कळत नाही. पैलवान ताटात बघायचा आणि विचारायचा, “हे चावायचं कुठून?” फक्त एकवीस दिवस, म्हणे!

पण खरी गोची जेवणाची नव्हतीच. खरी गोची होती आकड्याची.

आता हे नीट ऐका. ह्यांच्या दुकानात आजोबांपासून एक पद्धत. सकाळी दुकान उघडलं की पहिला तुकडा काढायचा तो घरचा. सगळ्यात चांगला. आणि तो दाराशेजारच्या वेगळ्या आकड्याला, सगळ्यांना दिसेल असा टांगायचा. घरचा वाटा! गिऱ्हाईक येतं, ते आधी तिकडे बघतं. “काय पैलवान, आज तुमच्या घरी खांदा का? मग मलाही खांदाच द्या.” बस्स. पाटी नाही, जाहिरात नाही. खाटीक जे स्वतः खातो ते चांगलं, ह्या एका भरवशावर तीन पिढ्या दुकान चाललंय. आता तुम्हीच सांगा, तो आकडा रिकामा ठेवायचा कसा? आणि कारण तरी काय सांगायचं? मांस खाऊन खाटकाचाच पाय सुजला? अहो, मग दुकानाला कुलूपच लावा की!

तेव्हा पैलवानानं ठरवलं, तोंड मिटून ठेवायचं आणि वाटा टांगायचा. रोजच्यासारखा.

आणि मग मजा बघा. रोज कुणीतरी विचारणारच, “कालचा कसा झाला होता हो?” पोटात दुधी, आणि सांगायचं मटणाबद्दल! उपाशी माणूस काय बोलतो ते कधी ऐकलंयत? डोळे मिटायचा. सुरा खाली ठेवायचा. “बाई... काय सांगू! आधी कांदा. कांदा असा लालसर होऊ द्यायचा, घाई नाही करायची. मग तुकडे. आणि झाकण ठेवून मंद... मंद... आणि मग ते हाडापासून सुटायला लागतं ना, आपणहून, तेव्हा...” इथे तो रिकाम्या हातानंच पातेलं ढवळायला लागायचा हो! ऐकणाऱ्या बायका पदरानं तोंड पुसायच्या, आणि अर्धा किलोवाल्या एक किलो न्यायच्या. पहिल्या आठवड्यात दुकान असं चाललं, असं चाललं, की आजोबांच्या वेळीही चाललं नसेल. एकदाच जीभ घसरली. तंद्रीत म्हणून गेला, “...आणि वरून थोडा दुधी किसून.” पुढची बाई दचकली. पण घरी जाऊन तिनं खरंच किसला म्हणतात!

आता प्रश्न असा, की संध्याकाळी तो वाटा आकड्यावरून काढून घरी नेल्यावर करायचं काय? वहिनी घरात शिजवू देईनात. परत दुकानात ठेवला तर कुणीतरी बघणार. टाकायचा? खाटकाच्या हातून चांगला तुकडा टाकवत नाही. मग त्याला आठवला घड्याळवाल्याचा कुत्रा.

हा घड्याळवाला पैलवानाच्या घरामागेच राहतो, मध्ये एक कमरेएवढी भिंत. त्याचा कुत्रा म्हणजे जातिवंत आळशी. तिन्हीसांजेला पैलवान परसात जायचा, इकडेतिकडे बघायचा, आणि भिंतीवरून वाटा पलीकडे द्यायचा. आणि कुत्रा तरी कसा? झडप नाही, गुरगुर नाही. वेळेवर येऊन भिंतीशी बसायचा, मान तिरकी करून ‘आज काय?’ असं बघायचा, आणि खाल्ल्यावर अगदी समाधानानं ढेकर द्यायचा. पैलवान त्याच्याकडे बघत उभा राहायचा. “खा रे बाबा,” म्हणायचा, “एकानं तरी खा.” डोळ्यांत पाणी. एकवीस दिवस! फक्त!

बरं, कुत्रा फुगायला लागला. आठवड्याभरात तो बसला की उठेना, उठला की चालेना. घड्याळवाला बारीक नजरेचा माणूस, आयुष्य भिंगातून बघण्यात गेलेलं. त्याला वाटलं, मी तर ह्याला दूधपोळी घालतो, आणि हा पिंपासारखा कसा होतोय? म्हणून बाराव्या संध्याकाळी तो कोपऱ्यातल्या पिंपामागे लपून बसला... आणि बघतो तर काय! पैलवान स्वतःच्या हातानं घरचा वाटा, सकाळी आख्ख्या गल्लीनं पाहिलेला तो लुसलुशीत तुकडा, कुत्र्याला घालतोय!

सकाळपर्यंत कुणाला कळायचं राहिलं नव्हतं. “अहो ऐकलंत का? पैलवान घरचा वाटा खात नाही, कुत्र्याला घालतो!” “अगं बाई! म्हणजे मांसात काहीतरी असणार!” “आणि तो कुत्रा बघितलात कसा सुजलाय?” सुजलाय! खाऊन टम्म झालेल्या कुत्र्याला सुजलाय म्हणाले!

संपलं. तेराव्या दिवशी चार गिऱ्हाइकं. चौदाव्या दिवशी एक, तेही पत्ता विचारायला. पैलवान दुकानात एकटा. सुऱ्याला धार लावतोय. लावून झाली की पुन्हा लावतोय. लोक दुकानावरून जाताना पलीकडच्या फुटपाथवरून जायचे आणि आभाळात काहीतरी बघितल्यासारखं करायचे. तुम्हाला सांगतो, हसण्यावारी नेऊ नका. पन्नाशीचा माणूस, दुसरं काही येत नाही. रात्री वहिनींना म्हणाला, “आजोबांनी चालवलं, वडिलांनी चालवलं. माझ्या अंगठ्यानं बुडवलं.” वहिनी म्हणाल्या, “मग सांगून टाका ना खरं काय ते!” तर म्हणाला, “कुठल्या तोंडानं?” वहिनी म्हणाल्या, “तोंड एकच आहे, दुधी खाताय त्याच!”

सतराव्या दिवशी सकाळी दुकानात आल्या शाळेच्या बाई. ह्या बाईंनी पैलवानाला लहानपणी शिकवलेलं, म्हणजे बाकावर उभं करून ठेवलेलं. निवृत्त झाल्या, पण नजर निवृत्त झाली नाही. त्या आत शिरल्या तशी अर्धी गल्ली समोरच्या घड्याळवाल्याच्या दुकानाच्या काचेपुढे जमली, एकदम सगळ्यांचीच घड्याळं बंद पडली!

बाई म्हणाल्या, “पैलवान, माझ्याकडे बघ. तुझ्या मांसात काय आहे?”

पैलवानानं सुरा ठेवला. स्टूल ओढलं. वहाण काढली आणि पाय वर ठेवला. अंगठा टोमॅटोसारखा लाल. म्हणाला, “बाई, मांसात काही नाही. जे आहे ते माझ्यात आहे. डॉक्टरांनी बंद केलंय. सतरा दिवस झाले, दुधी खातोय मी, दुधी! तुम्हाला खोटं सांगितलं, माझी चूक झाली. पण मांस चोख आहे. पटत नसेल तर आत्ता, तुमच्यासमोर खाऊन दाखवतो. मग अंगठा फुटला तरी चालेल!”

आणि खरंच तुकडा उचलला हो त्यानं!

“खाली ठेव तो!” बाई ओरडल्या. शाळेतला आवाज, बाहेरचे लोकसुद्धा ताठ उभे राहिले. मग बाई इकडे बघतात, तिकडे बघतात... आणि हळूच स्वतःची चप्पल काढतात. म्हणतात, “हा बघ.”

तोच अंगठा! तस्सा लाल!

“तेच डॉक्टर,” बाई म्हणाल्या, “फक्त एकवीस दिवस. आज माझा नववा. पण तू एवढा जीव ओतून सांगतोस रे, तुला तोंडावर नको कसं म्हणायचं? म्हणून घेऊन जायची. आणि वाटेत...” बाईंचा आवाज खाली गेला, “घड्याळवाल्याच्या कुत्र्याला घालायची.”

काचेपुढून कुणीतरी खाकरलं. लाँड्रीवाला पुढे आला. “बाई, मीसुद्धा. मला रक्तदाब सांगितलाय.” मागून पोस्टातली ताई, “माझं पित्त.” चार घरं! तीन घरं मांस विकत घेत होती, चौथं विकत होतं, आणि कुणीच खात नव्हतं, कुणी पैलवानाला दुखवायचं नाही म्हणून, आणि पैलवान कुणाला कळू नये म्हणून, आणि सगळ्यांचं मिळून खात कोण होतं? कुत्रा! सुजेल नाही तर काय होईल!

मग जे काही हसले लोक! पैलवान तर खाली बसला. पाय स्टुलावरच. हसतोय आणि डोळे पुसतोय, पुसतोय आणि हसतोय. “बाई, सतरा दिवसांत पहिल्यांदा श्वास घेतला बघा,” म्हणाला. वहिनींनी आतून पाणी आणलं. दुपारपर्यंत दुकानात उभं राहायला जागा नव्हती. ज्यांना चालत होतं त्यांनी मांस नेलं, ज्यांना चालत नव्हतं ते नुसतं त्याच्याकडून पाककृती ऐकायला थांबले. आणि बाविसाव्या दिवशी वहिनींनी माळ्यावरून पातेलं काढलं. पैलवानानं पहिला घास घेतला, डोळे मिटले, आम्ही सगळे बघतोय, आता काय बोलतो... तर म्हणाला, “थोडा दुधी असता तर बरं झालं असतं.”

तर असं आहे. आता मघाशी म्हटलं होतं शेवटी सांगेन, तर सांगतो. सगळं खरं आहे. अंगठा खरा, आकडा खरा, बाई खऱ्या. फक्त एक...

तो कुत्रा.

घड्याळवाल्यानं आयुष्यात कुत्रा पाळला नाही, त्याला केसांची ॲलर्जी आहे. आणि पैलवानाच्या घरामागे तो राहतच नाही. पैलवानाच्या घरामागे, कमरेएवढ्या भिंतीपलीकडे, आम्ही राहतो.

काय करणार! दारात आलेल्याला नाही म्हणायची सवय नाही मला. तिन्हीसांजेला मेहुण्याचा वाटा, मग बाई यायच्या, “भाऊ, एवढं ठेवा, वाया जाईल,” मग लाँड्रीवाला, मग पोस्टातली ताई. मी मागच्या खोलीत स्टोव्हवर शिजवायचो, मंद... मंद... पैलवान सांगतो तस्सं! पिंपामागे लपून बसली होती ती आमची ही. गल्लीत बोलली तीही हीच.

चला, सांगून टाकलं, हलकं वाटलं. वजनानं नाही, मनानं. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोन्ही अंगठे! त्यांनी माझा कागद बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. मी आपलं हसत हसत, माहीतगारासारखं विचारलं, “एकवीस दिवस ना, डॉक्टर? फक्त?”

डॉक्टर म्हणाले, “बसा.”