मडक्यांचं वय

"माझ्या लघुप्रबंधावरची सही सरांनी मुद्दाम अडवलीय, मामा!"

विभागाबाहेरच्या बाकावर ताटकळलेली बाई आपलं काम विसरून शेजारच्या मामा-भाचीचं ऐकू लागली.

"त्यांचं काय घोडं मारलंस तू?"

"त्यांच्या पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा उत्खननातली मडकी शंभर वर्षांनी तरुण निघाली."

"मग वाढव की वय. मडक्यांना थोडंच वाईट वाटणार आहे?"

"कसं वाढवू? मडक्यांच्या खालच्या थरात सरांनी दिलेल्या काळानंतरच्या राजाचं नाणं सापडलंय."

"सही नाही तर पदवी नाही, बाई माझे. हो म्हण आणि मोकळी हो."

दार उघडलं. सर म्हणाले, "काय, बदललास का निष्कर्ष?"

भाची शांतपणे उठली.

"बदलते, सर. फक्त एवढं सांगा, नंतरचं नाणं आधीच्या मडक्यांखाली गेलं कसं?"